तिरकी चाळण

मंगळवार, संध्याकाळ. रामनगर.

काम आमच्या छोट्या कंपनीला मिळालं, तरी चैन पडत नाही. कॅसलरॉककडच्या तीन वाड्यांना ओढ्याच्या पाण्यावर वीज द्यायची आहे. स्पर्धेतल्या मोठ्या कंपनीचं यंत्र पालापाचोळ्याने सारखं अडतं. यंत्रात पाणी शिरतं तिथे बसवलेली आमची चाळण तिरकी, पाला आपोआप घसरून जातो. त्या एका चाळणीवर आम्ही जिंकलो.

पण ती चाळण माझी कुठे? गेल्या पावसाळ्यात मी ओढ्यात उतरून पाला उपसत होते, तेव्हा भाताच्या बांधावरून वाडीतली पार्वतीअक्का ओरडली होती, "उभी कशाला लावलीस गं? कलती लाव की!"

आज वाड्यांच्या सभेत, काम देणाऱ्या सरकारी साहेबांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

"आमच्या कंपनीची," मी म्हणाले. का म्हणाले? अक्का समोरच बसली होती.

बाहेर आल्यावर विचारलं, "अक्का, राग आला?"

"राग न्हाई गं. माझं नाव घेशील म्हणून नवं लुगडं नेसून आलते."

मघाशी चाळणीच्या पेटंटच्या अर्जात हक्कदार म्हणून तिचं नाव लिहिलं. आता चाळणीचा हक्क विकत मागायला मोठी कंपनी थेट तिच्या दारात जाईल. जाऊ दे. पण ते नाव सभेत, तिच्यासमोर घ्यायला हवं होतं.