गोजराबाईचे चित्र आणि माझी बाकीची मालमत्ता

हे लिहायला मी फार उशीर केला, त्याबद्दल जे कोणी हे वाचतील त्यांनी, आणि विशेष करून खानापूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, यल्लव्वाअक्काने, मला माफ करावे. वकील महांतेश यांनी दोन वर्षांपूर्वीच कागद आणून दिले होते. चष्म्याचा नंबर बदलायचा आहे असे सांगून मी टाळत राहिलो.

मी, परशराम भरमाण्णा हलगेकर, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा चित्रे काढणे, राहणार मारतहळ्ळी, बेंगळुरू, माझे डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही दबाव आणलेला नसताना हे माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यावर तारीख आहे की नाही हे मी तीनदा पाहिले. आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे कायद्याच्या भाषेत चूक झाली असल्यास अर्थ धरावा.

एक. मारतहळ्ळीचे घर, मागच्या पत्र्याच्या शेडसह, अक्काची नात प्रियदर्शनी ऊर्फ प्रिया हिला द्यावे. मला मूलबाळ नाही. ती बेळ्ळंदूरला कंपनीत आहे आणि त्या रहदारीतून दर रविवारी मला बघायला येते. मी जागा घेतली तेव्हा समोर नाचणी पिकत होती. आता समोर चौदा मजले आहेत आणि दुपारी दोनलाच शेडमधला उजेड जातो. तिला घर विकायचे असेल तर विकावे, मला राग नाही. राहायचे असेल तर पाण्याची मोटार लावून फोनवर बोलत बसू नये. टाकी वाहिली की पाणी शेडमध्ये येते.

दोन. बँकेत जे उरेल ते माझी बायको सुनंदा ज्या शाळेत शिवण शिकवायची त्या शाळेला द्यावे. तिला जाऊन सहा वर्षे झाली. तिने हे मला सांगितले होते, कागदावर कुठे नाही.

तीन. माझे सगळे ब्रश, मोठी शिडी आणि गेरूची दोरी अवधूत यांना द्यावी. सिनेमाचे बोर्ड रंगवायच्या दिवसांपासून ते माझे जोडीदार. त्यांना गुडघ्यामुळे शिडी चढता येत नाही, तरीही द्यावी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. छोट्या फोटोवरून वीस फुटी बोर्ड करताना आम्ही दोरी गेरूत बुडवून, ताणून, भिंतीवर सोडायचो. त्याने चौकोन पडतात. मग फोटोतल्या एका चौकोनात जे असेल ते बोर्डावरच्या एका चौकोनात उतरवायचे. अक्षरेही तशीच. इंग्रजी दुकानांचे शेकडो बोर्ड मी रंगवले आणि त्यातले एकही मला वाचता आले नाही. आकार बघायचा, आकार काढायचा. अक्षराला डौल आला की झाले.

चार. कलासमीक्षक श्रीहरी यांनी मला वर्तमानपत्रात ‘शिडीवरून घसरून कलेत पडलेला इसम’ असे म्हटले होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे होते ते मी या कागदाने सोडून देत आहे. मात्र माझ्या शोकसभेत त्यांना बोलायला लावू नये.

पाच. समोरच्या इमारतीतल्या स्वानंदी आणि अद्वैत हे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा असल्याचे महांतेशनी सांगितले. हे कळल्यावर स्वानंदी म्हणाली, “काका, दिस इज सो अनफेअर. मग तो पितळी डबा मला कधीच नाही?” तिच्या आवडीचा तो माझा डबा मी तिला त्याच दिवशी हाताने दिला आहे. तो घरात सापडला नाही म्हणून प्रियाने तिच्यावर संशय घेऊ नये.

सहा. चित्र. यासाठीच हा सगळा कागद आहे.

शेडमध्ये पांढऱ्या चादरीत गुंडाळलेले सहा फुटी चित्र, जे सगळीकडे ‘देवी’ या नावाने ओळखले जाते, ज्यावर एकोणीसशे नव्वद साली काळे फासले गेले आणि सहा वर्षे खटला चालला, त्याविषयी.

त्यात कडुलिंबाच्या पाल्यावर एक बाई निजली आहे. तिच्या अंगावर कापड नाही, लाल ठिपके आहेत. लोकांनी पाला बघितला, ठिपक्यांना कुंकू समजले आणि देवी उघडी काढली म्हणून चिडले. गॅलरीच्या मालकीण संयोगिताबाईंनीही तसेच समजून एका चिठ्ठीवर ते नाव इंग्रजी अक्षरांत लिहून मला दिले होते. “तुमचं अक्षर सुंदर आहे, पाटी तुम्हीच करा,” म्हणाल्या. मी आकार बघून आकार काढला. त्या एका शब्दावर मी अर्धा दिवस घालवला. आठ दिवसांनी पोरे काळ्या रंगाचे डबे घेऊन आली, तेव्हा मला कळले की मी काय लिहिले होते. खटल्यात तीच पाटी माझ्याविरुद्ध पुरावा झाली, कारण ती माझ्या हातची होती.

महांतेश तेव्हा नवे वकील होते. मला म्हणाले, “परसू अण्णा, कोर्टात एकच वाक्य म्हणा, ही देवी नव्हे. केस संपली.”

“मग कोण, असं विचारतील.”

“मग सांगा की कोण ते.”

“ते नाही सांगणार.”

“सरी, ठीक आहे. मग चपला जाड तळाच्या घ्या. पुष्कळ फेऱ्या आहेत.”

ते चित्र माझ्या आईचे आहे. गोजराबाई भरमाण्णा हलगेकर. हे मी कोर्टात सांगितले नाही, कारण सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी काळ्या रंगाखालचे ते अंग नावानिशी छापून आले असते. म्हणून काही लोक मला धर्म बुडवणारा म्हणाले आणि काही धाडसी म्हणाले. दोघांनी मला न केलेल्या कामासाठी धरले. पुढे गिऱ्हाइके तशाच देवी मागू लागली. मी शिड्यांची चित्रे काढली. ती कोणी घेतली नाहीत. परदेशात माझे नाव आहे म्हणतात ते त्या एका चित्रामुळे, आणि ते नाव घेताना मला नेहमी चोरी केल्यासारखे वाटत आले.

बाहेरच्यांना फसवता आले. अक्काला आणि गावातल्या बायांना नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोत तिने आईच्या हातावरचे गोंदण ओळखले. मनगटाजवळ पाच ठिपके, वर तुळस, आणि तुळशीची एक फांदी अर्धवट, कारण गोंदताना आईने हात मागे ओढला होता. जे आहे ते उतरवायची मला सवय. ती फांदी मी पुरी केली असती तर कोणालाच कळले नसते.

मी खानापूरला गेलो तेव्हा अक्काने मला उंबऱ्याबाहेरच थांबवले. म्हणाली, “काय न्यायला आलास? अजून काय उघडं टाकायचं ऱ्हायलंय?”

“अक्का, ऐक तरी.”

“बाजारात बाया मला विचारतात, ही तुमची आईच न्हवं? तुला तवाच सांगितलं होतं मी, दारात थांब, आत बघू नको. बघितलास. बघितलास ते बघितलास, वर विकायला काढलंस.”

मग दार लावले. त्याला पस्तीस वर्षे झाली. प्रिया मोठी होऊन नोकरीसाठी इकडे आली नसती तर मला तिकडची खबरही मिळाली नसती.

आता जे लिहितो ते अक्कासाठी. महांतेश म्हणाले, वेगळे पत्र लिहा. पण माझे पत्र ती उघडणार नाही. वकिलाचा कागद आहे म्हटल्यावर प्रियाकडून वाचून घेईल.

अक्का, तू सांगितल्याप्रमाणे मी दारातच थांबलो होतो. आईला कांजिण्या आलेल्या, अंगाला कापड सोसत नव्हते, म्हणून तू तिला पाल्यावर निजवलेस आणि पाण्याला विहिरीवर गेलीस. तेवढ्यात तिने हाक मारली. “परश्या, आत ये. वारा घाल.” मी डहाळी घेऊन डोळे मिटून उभा राहिलो आणि वारा घालू लागलो. डहाळी तिच्या गालावर लागली. तेव्हा ती म्हणाली, “डोळे उघड रे. आईच आहे.” मी उघडले. मी नऊ वर्षांचा होतो. ती हसत होती. तू घागर घेऊन आलीस तेव्हा मी परत दारात होतो, पण माझ्या हातात डहाळी होती, ती तू पाहिलीस. आई बरी झाली, पुढे वीस वर्षे जगली, आणि त्या दिवसाबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

हे मी तुझ्या दारात का सांगितले नाही? मेलेल्या बाईची साक्ष काढतोय असे तू म्हणाली असतीस, याची भीती वाटली. आजही वाटते. विकण्याबद्दल मात्र तुझे खरे आहे. मी ते विकायलाच ठेवले होते. काळे फासले नसते तर विकले गेले असते.

आता दिल्लीच्या एका संग्रहालयाला ते हवे आहे. काळा रंग तसाच ठेवून ते भिंतीवर लावणार. खाली कोणते नाव लिहायचे, असे त्यांनी विचारले आहे. ‘देवी’ मी पुन्हा लिहू देणार नाही. म्हणून असे ठरवतो:

अक्काने हो म्हटले तर चित्र संग्रहालयाला द्यावे आणि खाली ‘गोजराबाई हलगेकर, चित्रकाराची आई’ असे लिहावे. अक्काने नाही म्हटले तर चित्र अक्काचे. तिने ते ठेवावे, जाळावे, काहीही करावे, कोणी विचारू नये. मी जिवंत असेपर्यंत तिने काहीच कळवले नाही, तर ते नाही असेच समजावे.

महांतेश यांनी या सर्वाची अंमलबजावणी करावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. प्रत्येक पानावर सही केली आहे.

सही: परशराम भरमाण्णा हलगेकर

आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली:
साक्षीदार १: स्वानंदी अद्वैत टिळेकर
साक्षीदार २: अद्वैत मनोहर टिळेकर

ठिकाण: मारतहळ्ळी, बेंगळुरू
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सहीनंतरचे कायद्यात धरत नाहीत असे महांतेश म्हणतात, म्हणून हे फक्त अक्काला. याची एक प्रत प्रियाच्या हाती तुझ्याकडे पाठवतो आहे. संग्रहालयाला मी दोनदा थांबवले, तिसऱ्यांदा ते थांबणार नाहीत, आणि माझी छातीही फार दिवस दम धरेल असे डॉक्टरांना वाटत नाही. वर लिहिले आहे की तू गप्प राहिलीस तर ते नाही समजावे. ते वकिलासाठी. मला तसे समजता येणार नाही. लिहायची गरज नाही, प्रियाच्या फोनवर बोल. हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे, पण मी ऐकायला आहे तोवर दे. लवकर कळव.