शेवटच्या बाईचा हंडा

मी, रत्नमाला सर्जेराव गाडेकर, वय एकोणसत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. तब्येत बरी आहे, डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. यजमान वारले, मूलबाळ नाही. नाताळाच्या आधी सिस्टर रेजिनाही गेल्या. आता लांबवण्यात अर्थ नाही.

१. राहते घर, बोअरसह, माझा भाचा भारत याला द्यावे. कंपाउंडबाहेर नळाखाली छातीइतका उंच ओटा आहे, तो पाडू नये. भारत म्हणतो, "आत्या, ओटा काढला तं गाडी आत येती. आता हंडा घेऊन कोण येतंय?" आजूबाजूला इमारती झाल्या हे खरे. पण त्या बांधणाऱ्या मजूर बाया येतात.

ओट्याचे कारण लिहून ठेवते. भरलेला हंडा बाईला एकटीने डोक्यावर घेता येत नाही. मागची बाई हात लावते. शेवटचीच्या मागे कोणी नसते. दुष्काळात वस्तीवर टँकर यायचा, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर रेजिना त्या शेवटच्या बाईसाठी उन्हात थांबायच्या. शेजारची साळूबाई चिडवायची, "सिस्टर, टँकरवाल्यानं पगार लावला का तुम्हाला?"

"व्हय, पर देत नाय बघ."

त्या वैजापूरकडच्याच, बोलणे आमच्यासारखेच. मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली, पण देवधर्माचे त्यांनी मला कधी सांगितले नाही. स्वतःचे हात अधू झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "रत्नमाला, तुझ्या नळाखाली एक ओटा बांध. त्यावर हंडा ठेवला की बाईला एकटीला घेता येतो."

२. धाकटे दीर अप्पाराव यांना काही ठेवलेले नाही. ते आजारी असताना सिस्टरने त्यांच्या दारात हंडा भरून नेला. ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी नको म्हणून भाऊजींनी तो कढीपत्त्याच्या झाडाला ओतला. तोही दुष्काळाच्या साली! मी भांडायला निघाले, तर सिस्टर म्हणाल्या, "झाड तहानलेलंच होतं की." दुसऱ्या दिवशी पुन्हा हंडा नेऊन ठेवला. तो मात्र घरात गेला. माझा राग अजून गेलेला नाही. ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हावे, असे वकील म्हणाले, म्हणून भाऊजींनाच बोलावले आहे.

३. बँकेतली ठेव दवाखान्याला द्यावी. पितळी हंडा साळूबाईला. तिने तो मोडीत घालू नये.

४. मला अग्नी द्यावा. तेराव्याला जेवणावळ नको. सिस्टरच्या चॅपलमध्ये कोणाला प्रार्थना करायची असेल तर करू द्यावी, नातेवाइकांनी वाद घालू नये.

५. ओटा पाडल्यास घर काढून घ्यावे, असे कलम वकिलांनी घालायला लावले होते. ते मी खोडले आहे. सिस्टरने कोणाला धाक घालून हंडा उचलायला लावले नाही. भारत, ओटा पाडलास तरी घर तुझेच. मात्र मग नळावर एकटी बाई दिसली, तर गाडीतून खाली उतरायचे आणि हंड्याला हात लावायचा.

साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

रत्नमाला सर्जेराव गाडेकर

साक्षीदार:
अप्पाराव गाडेकर (दीर)
रामकिसन वाघ (शेजारी)

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
ता. २२ एप्रिल २०२४