एकाच सुईची रांग

नाना,

तू असताना माझी पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचास. आता कुणाकडून घेशील कोण जाणे! पण तुला दिलेला शब्द मी काल मोडला. ते भाऊ म्हणून मीच सांगायला हवं.

वहिनीला ताप आहे.

आठवतं ना, पोळ्याला तुलाही असाच ताप होता? फैजपूरच्या तरुण डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आराम सांगितला. तू तणतणत घरी आलास. "सुई नही दिली, मंग डाक्टर कायचा?" मी लंघन सुचवलं. "पंडित, तू शाळेत पोरांले श्लोक शिकव," म्हणालास.

मग बाजारच्या दिवशी वहिनीनंच तुला सुईवाल्याच्या रांगेत उभं केलं. काचेची एक सिरिंज, एकच सुई, मध्ये कापसाचा एक बोळा फिरवायचा की पुढचा दंड. सगळे खूश. दंड दुखला म्हणजे औषध लागू पडलं, हे आपल्या गावचं वैद्यकशास्त्र.

दिवाळीत तुझे डोळे पिवळे झाले. त्या रांगेतल्या आणखी काहींचेही. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, मधे सुई घेतली होती का? उठून बसवत नव्हतं, तरी तू दंड पुढे केलास. "आठी. लय दुखली व्हती, चांगली व्हती."

एकाच सुईतून सगळ्यांना कावीळ लागली, असं त्यांनी सांगितलं. तू माझा हात धरलास. "तिले सांगू नको."

काल त्याच तरुण डॉक्टरकडे तिला नेलं. त्यानं गोळ्या दिल्या. "ह्या ठेवा तुमच्याजवळ. मी बाजारातून सुई घेते," म्हणत ती दाराकडे निघालीसुद्धा. मी काय करायला हवं होतं, नाना?

म्हटलं, "वहिनी, नानाला त्या सुईनंच नेलं."

ती बाकावर बसली. "मीच उभं केलं व्हतं त्याइले."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं गोळ्या पदरात बांधल्या आणि घराची वाट धरली.

ताप उतरेपर्यंत रोज गोळी तिच्या हातावर मी ठेवीन, गिळेपर्यंत समोर बसेन. आणि पुन्हा तो विषय निघाला, तर सांगेन की तिनं म्हणायच्या आधीच त्या रांगेत जायचा हट्ट तू माझ्याजवळ धरला होतास. खोटं आहे, पण तू तिकडून खोडून काढू नकोस.

तुझाच,
पंडित