चोवीस नंबरचं चित्र

चाचा,

तुमचा नातू दुकानात तुमच्या नावानं चेष्टा करतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची पायानं चालवायची छपाईची ट्रेडल मशीनसुद्धा भंगारात गेली, पण तुमची एक चूक त्या दुकानात अजून जिवंत आहे, आणि ती चूक तुमची नव्हतीच. मला दुसरीच्या पुढं शाळा नाही. लिहायला मी तुमच्या छपाईच्या खिळ्यांवरून, शिशाच्या अक्षरांवरून शिकले, म्हणून कागदावर जरा छापल्यासारखं लिहिते. तोंडानं कशी बोलते ते तुम्ही ऐकलेलंच आहे.

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन बीडला गेले होते. पोरगी मांजरसुंब्याच्या फाट्यावर शिवणकामाचं दुकान टाकतेय, तिला पाटी करायची होती. जागा तुमचीच, पण आत आता कंप्युटर आणि फ्लेक्स छापायचं मोठं धूड. भिंतीवर तुमच्या नातवानं आपण तेव्हा छापलेली क्रिकेटची चित्रं काचेच्या फ्रेममध्ये लावलीत, पाचाच्या दहा ओळी. तेवीस आहे, पंचवीस आहे, मधे रिकामी जागा. मी तिथंच बघत उभी राहिले. तेवढ्यात कामावरच्या माणसानं पाटीवर नातीचा फोन नंबर चुकीचा टाकला, तर नातू त्याला म्हणतो, "चोवीस करू नको बे." सगळे हसले. माझ्या नातीनं विचारलं, म्हणजे काय? तर तो कौतुकानं सांगायला लागला, की आमच्या दादाची, म्हणजे तुमची, म्हातारपणी नजर गेली, आकडे उलटे बसवायला लागले, चोवीस नंबर छापायचाच विसरले, म्हणून लिमलेटच्या गोळ्यांच्या कारखान्याचं काम हातचं गेलं. तेव्हापासून दुकानात कुणी चुकलं की त्यानं चोवीस केलं. आणि मी, चाचा, पाटीचं एक अक्षर खाली उतरलंय म्हणून त्याच्याशी भांडले आणि घरी आले.

तुम्ही कधी विसरलात असा आकडा मी पाहिला नाही. माझा नवरा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो आलाच नाही, तेव्हा तुम्ही मला चित्रं कापायला आणि नंबरवार गड्ड्या लावायला ठेवलं होतं. एका कागदावर दहा चित्रं, प्रत्येकाच्या खाली शिशाच्या खिळ्यांचा आकडा, आणि तुम्ही भिंग लावून एक एक आकडा बघायचे. गोळीच्या प्रत्येक पुड्यात एक चित्र. पन्नासच्या पन्नास जमवील त्याला कारखान्याचा शेठ बॅट देणार होता. नंबर कुणाला कोणता, हे शेठच ठरवायचा. नावाजलेले खेळाडू एक, दहा, वीस, तीस असे गोल आकड्यांवर, आणि बाकीच्यांची मधे भरती. मला त्यातला एकही नावानं ठाऊक नव्हता. चौदा म्हणजे मिशीवाला, एकतीस म्हणजे रुसलेला, बेचाळीस म्हणजे विजारीला चेंडू पुसणारा लंबू, असे मी आकडे शिकले. आणि चोवीस म्हणजे कुणीच नाही. शेठनं तो छापूच नका म्हणून सांगितलं होतं. शेवटचा पन्नास नसता तर पोरांना वाटलं असतं, अजून निघायचा आहे. मधला नसला की वाटतं, आपल्यालाच मिळेना. कागदावर जागा रिकामी राहू नये म्हणून तुम्ही तिथं तेविसाच्याच चित्राचा ठसा दुसऱ्यांदा लावायचे. गावात तेवीस नंबर इतके झाले की पोरं तो फुकटसुद्धा घेईनात.

माझ्या पोरीकडं एकोणपन्नास जमले होते. आठ वर्षांची होती, रोज शाळेतून आली की फरशीवर सगळी मांडायची आणि मधली जागा सोडायची. पोरांनी तिला खेळायला घेतलं नव्हतं, बॅट नाही म्हणून. मी तुम्हाला एकदा विचारलं, गावातली पोरं मातीत गोळ्या टाकून नुसती चित्रं शोधतात, हे बरं आहे का? तुम्ही मान वर केली नाही. "बाई, आपलं काम छापायचं. वाटायचं काम शेठचं." मी म्हणाले, चोवीस छापायचा नाही, ते कामसुद्धा आपणच करायलोत. तुम्ही भिंग पुसलं आणि पुन्हा पुसलं. मेल्यावर माणूस चांगला होतो म्हणतात, पण मी तसं लिहिणार नाही. त्या दिवशी तुम्ही चुकला होता.

पुढच्या जुम्म्याला तुम्ही नमाजाला गेलात. मशीनवर एक्केचाळीस ते पन्नासचा साचा चढलेला. चावीनं साचा ढिला कसा करायचा ते मी सहा महिने नुसतं बघत होते. बेचाळिसाचे दोन खिळे चिमट्यानं उपसले, चार मागं आणि दोन पुढं लावला, साचा आवळला आणि पाय मारला. लंबू चोवीस झाला. मग खिळे होते तसे बसवले, तेवढं चित्र कापून घेतलं आणि बाकीची नऊ घरी नेऊन चुलीत घातली. तुम्ही परत आलात, साच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तर कापायच्या टेबलावर होते, शाईशी माझा संबंध नव्हता. तुम्ही म्हणालात, "बाई, हात धू. घासलेटनं धू, साबनानं निघायचं न्हाई." मला वाटलं, धूळ लागली असेल.

पोरगी गेली शेठकडं पन्नास चित्रं घेऊन, नाचत. शेठनं चोवीस हातात घेतलं आणि तिच्या तोंडाकडं बघितलं, असं तिनंच सांगितलं. खोटं हेरायला त्याला काही लागलंच नाही. एकच लंबू दोन नंबरांवर, आणि त्यातला एक नंबर जगात नव्हताच. तासाभरात तो आपल्या प्रेसमध्ये उभा. चित्र त्यानं टेबलावर फेकलं, म्हणाला, तुझ्याकडून चोरून निघालंय, कोण ते सांग. मी सुरी हातात धरून उभी आहे. दोन हातांवर तुम्ही आहात, मधे ते चित्र. या तोंडानं मी गल्लीत कुणाला सोडलं नाही, त्या वेळी मात्र ते उघडलं नाही. तुम्ही चित्र भिंगाखाली धरलं, नीट बघितलं. "चोरी न्हाई शेठ, चूक. माझी चूक. डोळ्यानं कमी दिसायलंय."

शेठचं काम त्या दिवशीच गेलं. लग्नपत्रिका आणि औषधवाल्यांची पावतीपुस्तकं राहिली. मला वाटलं, आता मला काढणार. सोमवारी तुम्ही स्टूल ओढलंत, खिळ्यांच्या पेटीपुढं ठेवलंत आणि म्हणालात, इथं बस, अक्षरं जुळव, कापायला दुसरी बाई मिळेल. त्या पेटीवर मी वाचायला शिकले, पोरीला बारावीपर्यंत नेलं. तुमची नजर म्हणाल तर शेवटपर्यंत तुम्ही मी जुळवलेल्या पत्रिकेतला एक अनुस्वार गळला तरी टिपायचे, चश्मा नसताना. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका तुम्ही स्वतः छापल्या. गड्डी घरी आणून सोडली, तर सगळ्यात वर, माझ्या नावाच्या पत्रिकेत, लंबू. चोवीस नंबरचा. तेव्हा मला घासलेट आठवलं आणि हात धुवायला का सांगितलं ते कळलं: माझ्या बोटांवरची शाई तुम्ही त्याच दिवशी बघितली होती. दुसऱ्या दिवशी मी प्रेसमध्ये आले, तुम्ही म्हणालात, पत्रिका कशा निघाल्या? मी म्हणाले, बऱ्या. मग पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

बीडहून येताना जीपमध्ये नातीनं मला धरलं. म्हणाली, आज्जी, तू गप बसलीस म्हणजे काहीतरी हाय. तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, तिच्या आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "अक्षर उतरलंय म्हणून त्या माणसाशी अर्धा तास भांडलीस, तेवढ्यात हे सांगून झालं असतं की." पोरगी माझ्यावर गेलीय. दुकान चालेल तिचं.

सोमवारी पाटी न्यायला जायचंय. जाताना चोवीस नंबर बरोबर घेणार आहे. तुमच्या नातवाला सांगणार आहे की चोवीस शेठनं छापू दिला नाही आणि तो मी छापला, तुझ्या दादाचे डोळे तुझ्यापेक्षा चांगले होते. त्याला पटलं नाही तर म्हणेन, फ्रेममधली एकोणपन्नास बघ आणि हे बघ. यात चार सरळ आहे आणि दोन वाकडा बसलाय. तुमच्या हातचा आकडा असा बसूच शकत नाही. पोरगा छापखान्यात वाढलाय, त्याला कळेल. आणि चुकणाऱ्याला चोवीस म्हणायचं असेल तर म्हणो, पण मग ते माझ्या नावानं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुमच्या नातवाच्या हातात दिलं तर तो हेही फ्रेम करील. डब्यात ठेवते. त्या डब्याचंही सांगून टाकते, एवढं लिहिलंच आहे तर. त्या जुम्म्याला मी पाय एकदा नाही, दोनदा मारला होता. पहिल्या वेळी दोन वाकडा आला, तो पोरीला दिला. मग खिळा ठोकून पुन्हा काढला, तो सुतासारखा सरळ आला, तो या डब्यात आहे. सगळ्या जन्मात माझ्या हातून नीट निघालेलं ते पहिलं छापील काम. ते मी तुम्हाला दाखवलं नाही, आणि सोमवारीही नेणार नाही.