वरच्या खोलीचं डिपॉझिट

प्रिय वरच्या मजल्यावरचीस,

मुदतीआधी खोली सोडलीस म्हणून बाबांनी तुझं डिपॉझिट अडवलंय, असं तुला वाटतं. काल फोनवर माझ्याशी बोलताना त्यांना "कंजूष म्हातारा" म्हणालीस आणि मी गप्प राहिलो. त्यांचा नियम साधा आहे: नवा भाडेकरू आला की त्याच्या पैशांतून जुन्याचं डिपॉझिट द्यायचं. आलेल्या प्रत्येकाला मीच पळवून लावलं. भिंतीला ओल आहे म्हणालो, पाणी वर चढत नाही म्हणालो. तुझ्या खोलीत दुसरं कुणी नको होतं. शिवाय पैसे मागायला का होईना, तू यायचीस.

पण आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर नवी खोली हातची जाईल, हे सांगताना तुझा आवाज कापत होता.

सकाळी एक जोडपं आलं. मी तोंड बंद ठेवलं. त्यांनी खोली घेतली.

बाबा म्हणाले, "जा, देऊन ये तिला."

"तुम्हीच जा. मी गेलो तर तिला परत ये म्हणेन."

ते चपला घालत म्हणाले, "कॉलेज सोडताना एवढा विचार केला असतास तर?"

हे पत्र त्यांच्या खिशात सरकवायचं होतं, पण हिंमत झाली नाही. ते आता पोचतीलच. त्यांना काही बोलू नकोस. त्या शिव्या माझ्या आहेत.

तुझा कुणीच नसलेला,
खालच्या मजल्यावरचा