धुऱ्यावरची शाळा

यवतमाळ, डिसेंबर २००६

प्रिय जेबा बेटा,

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. परीक्षेनंतर झरी जामणीतच शिक्षिकेची जागा मागू का, असं तू विचारलंस आणि माझी लेखणीच अडली.

तुझं डी.एड.चं सेवा शिबिर त्या जंगलगावात लागल्यापासून मला घोर. पाणी कसलं, दाराला कडी आहे का, साप निघतात का. तुझी नानी म्हणते, "पोरगी तिथं मजेत हाय, तुमीच काहून वाळून राह्यले?"

पहिल्या दिवशी घंटा वाजवली आणि कोणीच आलं नाही, हे तू लिहिलं होतंस. पोरं आळशी समजून तुम्ही भिंती रंगवायला घेतल्या. मग कळलं, यंदा कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाही, म्हणून लेकरं पहाटेच वेचणीला जातात. पुढचं तू लिहिलं नाहीस. ते मी पाहिलं.

हो, मी आलो होतो. गॅरेज हाताखालच्या जमीरवर टाकून, तुला परत न्यायला. शाळेत कोणी दिसेना, म्हणून शेताकडे वळलो. धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, पळसाखाली, भाकरीच्या सुट्टीत पोरं बसली होती, कमरेच्या ओट्या कापसाने फुगलेल्या. तुझ्याही कमरेला ओटी. तू एकेक वस्तू उचलायचीस, पोरं त्यांच्या कोलामी बोलीत नाव सांगायची, तू ते चुकवायचीस. ती हसून लोळायची आणि मग तुझा मराठी शब्द नीट म्हणायची. चौथी शिकलेल्या मला असे मास्तर मिळाले नाहीत.

वेचणारी एक बाई म्हणाली, "कोनाले पाह्यता, बाबा?"

"कोनाले नाही."

"मंग सावलीत बसा. बाईची शाळा चालू हाय."

मी बसलो नाही, तुला हाकही मारली नाही. परतीच्या एसटीत मात्र शेजाऱ्याला उगाच सांगत होतो, माझी नात मास्तरीण आहे.

आता खरं कारण. तुझ्यासाठी इथल्या शिक्षण संस्थेत मी वर्षभर खेटे घालत होतो. काल संस्थेचे सदाशिवराव घरी आले. जूनपासून जागा आहे, घरापासून चालत शाळा, शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. मी होकार दिला नाही. म्हणालो, बाईंना विचारून सांगतो. त्यांना वाटलं तुझ्या नानीला, ते हसले, "आयशाबीला?" मी म्हणालो, नाही, जेबाबाईंना. तुला तिकडेच जायचं असेल तर मी त्यांना नाही म्हणतो. तिथल्या दाराची कडी मात्र मी स्वतः येऊन बसवीन. शुक्रवारच्या आत दोन ओळी टाक, बेटा.

तुझाच,
नाना रहमत