दुसरी हाक

६ डिसेंबर, शनिवार

धरणाच्या पाण्याकाठी काढलेल्या या कॅम्पची खरी किंमत आज मनाशी मांडली. रुपयांचा भाग सोडून. गेलं ते असं: बापाने लावलेलं रायवळ आंब्याचं झाड (तंबूंच्या रांगेत आडवं येत होतं). सुनंदाचे तोडे, 'पुढच्या दिवाळीला सोडवतो' म्हणालो होतो, आता ती विचारतही नाही. रविवारची दुपारची झोप. आणि आईने सांगितलेली एक गोष्ट, जी मी दर शनिवारी शेकोटीपाशी विकतो. पहिल्या तिन्हींची चुटपुट लागते. चौथीची नाही. ती फुकटात मिळाली होती.

आजही विकली. आमच्या गावची पद्धत, धरण नव्हतं, नुसती नदी होती तेव्हापासूनची: दिवेलागणीला पाण्यावरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसरी मारेल. 'त्या'ला दुसरी मारता येत नाही. म्हणून गावात अजूनही सगळे दोनदाच हाक मारतात. एकदाच मारली तर म्हातारी माणसं शिव्या घालतात.

गोष्ट संपली, मी लाकडं जरा मागे ओढली, आणि समोरच्या काठावरून दत्तूने हाक दिली. "प्राचीऽऽ". एकदाच. पोरीने हातातलं कणीस टाकलं. दत्तू माझा चुलतभाऊ. होडी घेऊन तिकडे करवंदीच्या जाळीत बसतो, नाव मी आधी मोबाईलवर पाठवतो.

नंतर एका पाहुण्याने विचारलं, काका, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हटलं, या तळ्यावरचा कुठलाही आवाज डोळे मिटून ओळखतो मी. अर्धा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त केले. मोटर रस्त्यावरून ऐकायचो आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. माणसाचा आवाज म्हणजे काय, त्याहून सोपा.

टाळ्या पडल्या. पडतातच.

७ डिसेंबर

सकाळी पाण्यावर धुकं, पाणकावळे खुंटावर पंख वाळवत. पाहुण्यांनी त्याचे पन्नास फोटो काढले आणि पोहे गार केले. प्राची जाताना म्हणाली, "काका, तुमचं भूत एकदम प्रोफेशनल आहे हं." दत्तूला सांगितलं तर म्हणे, मग पगार पन तसा दे.

सु. भांडी घासत होती. मान वर न करता: "हाकेचा खेल करू नका. आईंनी ती गोष्ट आपल्याला राखायला दिलती, खेलायला नाय."

हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच त्रास होत नाही.

१० डिसें.

लाइफ जॅकेटं धुऊन वाळत घातली. कायाकचं एक वल्हं मोडलं. नवीन पनवेलच्या एका सोसायटीचं शनिवारचं नक्की झालं, बारा-पंधरा माणसं, बायका-पोरांसकट. सु.ला म्हटलं तांदळाच्या भाकऱ्या जास्त कर. ती दुरूनच ओरडली, "अवो, पीठ! अवो, पीठ आना!" दोनदा. तिचा आवाज असा की धरणाच्या भिंतीवर आपटून परत येतो. लग्न ठरलं तेव्हा मामा म्हणाला होता, मुलगी चांगली हाय पन आवाज मोठा. मला त्याच आवाजाचं घर झालं.

माझं नाव मात्र एवढ्या वर्षांत घेतलं नाही. 'अवो' म्हणजे मी.

१३ डिसें., शनिवार

झोप नाही. लिहून टाकतो.

सोसायटीची माणसं खुशीत. दत्तूला नाव पाठवलं: केतन. गोष्ट नेहमीसारखी सांगितली. लाकडं मागे ओढली. थोडी वाट बघितली, आणि हाक आली.

"सुनंदाऽऽ"

दत्तूचा आवाज. जरा खरखरीत, शेवटचा आ ओढलेला. पण काठावरून नाही. जवळून. पाण्याच्या मध्यातून.

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले, यात सुनंदा कोण? मला वाटलं दत्तू वहिनीची फिरकी घेतोय. हसू आलं. तेवढ्यात चुलीकडून,

"ओऽ! आले, आले!"

सु. बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ. "कोनी बोलावला?" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पाण्याकडे. हातातला गोळा तसाच.

नंतर मोबाईल बघितला. दत्तूला पाठवलेल्या नावापुढे एकच टिक. पोचलंच नव्हतं.

१४ डिसें.

दत्तू सकाळी मोटरसायकलवरून आला, मागे सुके बोंबील बांधलेले.

"काल कुठं होतास?"

"मोऱ्याला. मावशीकडं हलद होती, सांगितलं नव्हतं का तुला? फोन ढेपालला माजा."

"होडी?"

"साकलीला हाय. चावी ही बग." खिशातून काढून दाखवली.

जाऊन पाहिलं. साखळी होडीला, कुलूप साखळीला, आणि होडीत आठवड्याचा साचलेला पाचोळा. तळ कोरडा, म्हणजे काल कुणी नेली नव्हती.

दत्तूला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोंबलांची दोरी सोडत राहिला. मग म्हणाला, "नाम्या, माजा आवाज होता?"

"तुझाच."

"मग मी कंचा?" असं म्हणून हसायला गेला, जमलं नाही.

सु.चा घसा बसलाय. धुराने असेल. म्हणाली, "मी कवा पन पैल्या हाकेला ओ देत नाय. हात पिठात होते, माणसं जेवायची होती..." वाक्य पुरं झालं नाही. आवाज मधेच संपला, विहिरीतली दोरी संपते तसा.

१६ डिसें.

आवाज पूर्ण गेला. ओठ हलतात, वारा येतो.

पनवेलला डॉक्टरकडे. घशात नळी घालून टीव्हीवर दाखवलं. तरुण मुलगा, स्वभावाने चांगला. "काका, सूज नाही, गाठ नाही. आवाजाचे पडदे छान हलतायत. असं होतं कधी कधी, फार ताण पडला की. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं पण नाही."

येताना रिक्षात तिने माझा हात धरला होता. पंपाच्या दिवसांत एखादी मोटर उघडायचो, सगळं नीट दिसायचं, आणि तरी ती पाणी खेचायची नाही. अशा मोटरीची मला फार भीती वाटायची.

१७ डिसें.

सु.ने तोड काढली. मला बोलवायचं असेल तर पळीने ताट वाजवते. दोनदा. टण टण. विनोद म्हणून मी दुरूनच ओ देतो. ती हसते, आवाजाशिवाय. बघवत नाही.

खेळ बंद. दत्तूला सांगितलं. तो म्हणाला, "तू बंद केलास. पन त्यानी केला का?"

त्याला म्हटलं, डोकं खाऊ नकोस.

२० डिसें., शनिवार

आज फक्त दोन कुटुंबं. शेकोटीला गोष्ट नाही सांगितली. एकाने मागितली: "रिव्ह्यूमध्ये वाचलंय ना काका." म्हटलं घसा बसलाय. घरात एकाचा बसलाच आहे, फार खोटं नव्हतं.

दिवेलागणीला सु. आणि मी पायरीवर लसूण सोलत बसलो होतो. ती माझ्या डावीकडे, गुडघ्याला गुडघा लागलेला. पाणी अगदी थांबलेलं.

"अवोऽऽ"

तळ्यातून. सु.चा आवाज. धरणाच्या भिंतीवर आपटून परत आलेला.

माझ्या तोंडाशी ओ आली होती. सवय. सु.ने लसणाचा हात माझ्या तोंडावर दाबला, इतका की दात ओठाला लागले. तिचं स्वतःचं तोंड मिटलेलं. डोळ्यांतून पाणी. लसणाचं नव्हतं.

दुसरी हाक आली नाही.

तंबूतला माणूस ओरडला, "काका, काकू बोलवतायत!"

२१ डिसें.

गावात आत्याकडे गेलो. बापाची बहीण, दिसत कमी, ऐकू सगळं येतं. कान आमच्या घराण्यातच आहेत. सगळं ऐकून आधी मला कानाखाली मारली. हळूच, हात पोचला तेवढी.

"तुजी आई असती तर चपलेनी मारली असती. हाक काय खेलायची वस्तू हाय? दर शनवारी तिकडनं एक हाक मारायची नि माणसांनी दात काढायचे. शिकवलास ना त्याला?"

"आता काय करू?"

"नारळ दे, मान दे, दिला पायजे. पन ओ दिली ती दिली. ती काय परत मागता येत नाय." मग: "वापरून कंटाललं की सोडतं म्हणतात. सोडलं तर घेताना नीट बगून घे."

"काय बघू?"

"आपलीच हाय का ते."

तिच्या सुनेने चहा दिला. आत्या विचारत होती, बोंबील कसे होते, दत्तूने मला नाय दिले.

२३ डिसें.

दत्तूबरोबर होडीतून मध्यावर जाऊन नारळ सोडला. उन्हात. बुडाला नाही, कुठला नारळ बुडतो. बराच वेळ होडीच्या मागे येत राहिला. दत्तू वल्हवत होता, मागे बघत नव्हता.

संध्याकाळी पुन्हा "अवोऽऽ". एकदाच.

२६ डिसें.

इथे खोटं लिहून उपयोग नाही, कोण वाचणार आहे. गेले काही दिवस मी संध्याकाळी पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. बघायला म्हणून नाही. ऐकायला.

तिचाच आवाज. 'पीठ आना' म्हणेल असं वाटतं. घरात ताट वाजतं आणि बाहेर आवाज आहे. बरं वाटतं. एवढं बरं वाटतं, त्याची लाज वाटते.

आज उभा असताना मागून ताट वाजलं. टण टण. थांबून परत टण टण. वळलो तर सु. पायरीवर, पळी उगारून. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने पाण्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग मान हलवली, नाही म्हणून.

ती मी नाही, असं म्हणाली. का, मी इथे आहे, असं. विचारलं, तर पाठ फिरवून आत गेली.

२८ डिसें.

एकतीसचं सगळं बुकिंग परत केलं. दत्तू म्हणाला वेडा झालास. एक गिऱ्हाईक फोनवर फार बोललं, त्यालाही हो हो म्हटलं. सु. शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा वाढला, मला आवडतो तो. गेले दोन दिवस वाढत नव्हती.

मनात एक विचार येतो. मी ओ दिली तर? माझा आवाज घे, तिचा दे. पंपवाल्याची अक्कल: बंद मोटरीचा चालू पार्ट दुसऱ्या मोटरीला. पण सु.ने मग 'अवो' म्हटलं तर ओ कोण देणार.

दिली नाही. ओठ चावून उभा राहिलो.

३१ डिसें.

कॅम्प रिकामा. तंबूंचे दिवे लावलेच नाहीत. पलीकडच्या कॅम्पवर डीजे, गाणं ओळखीचं, शब्द पाण्यावर फुटून येत होते. इतक्या वर्षांत पहिला एकतीस डिसेंबर, मी आणि सु. दोघंच जेवलो. पिठलं-भाकरी. तिने आंब्याच्या बुंध्याकडे बघून हाताने झाड काढून दाखवलं, केवढं होतं ते. म्हटलं, हो, केवढं होतं.

डॉक्टरचे पंधरा दिवस आज भरले. तिने बोलून बघितलं नाही.

दिवेलागणीला आम्ही दोघं पायरीवर. वाट बघत. तिचा हात माझ्या तोंडाजवळ तयार.

आज हाक आली नाही.

१ जानेवारी

सकाळी धुकं इतकं की काठ दिसत नव्हता. मी अंगणात दात घासत होतो. चुलीकडे भांड्यांचा आवाज, चहाला उकळी. मग,

"अवो, चा."

स्वच्छ. मोठा. धरणाच्या भिंतीवर आपटून परत आला.

ब्रश तोंडातच राहिला. आतून आला, का धुक्यातून? दार उघडं होतं, आत धूर. तिची सावली चुलीशी. वाकलेली, पाठ माझ्याकडे.

ताट वाजलं नाही. आता कशाला वाजेल, आवाज आला ना. पण सु. हाक दोनदा मारते. जन्मभर दोनदाच मारलीय.

ओ दिली नाही. दुसरीची वाट बघत उभा राहिलो. तोंडात पेस्टचा फेस, कान दोन्हीकडे. तिने कप पायरीवर ठेवला, माझ्याकडे बघितलं. हसली. पण हसणं आवाजाशिवाय.

कप तिथेच आहे. साय धरलीय वर.

मला आवाज ओळखता आला नाही.